दुभाष्याचा शब्द

कुंभकोणच्या सबकोर्टात मराठीचा दुभाष्या असतो, हे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्याचं काम वर्षाकाठी चार-दोनदाच निघे. तंजावरचं राज्य कंपनीने खालसा केलं त्याला चाळीसेक वर्षं होत आली होती. मराठी राजांच्या मागोमाग आलेल्या घरांतली माणसं बाजारात, कचेरीत, देवळात तमिळच बोलत. मराठी उरली होती ती उंबऱ्याच्या आत. पण एखादी म्हातारी साक्षीला उभी राहिली आणि तिला शपथ घातली, की ती अडून बसायची. देवापुढे बोलायचं तर मी आपल्या भाषेतच बोलणार. मग नकलखान्यात निरोप जायचा, आणि नरसिंह हातातला टाक ठेवून, पागोटं सारखं करून कोर्टात येऊन उभा राहायचा.

तेवढा वेळ तो नकलनवीस नसे. साक्षीदाराला इंग्रजी नाही, जज्जाला मराठी नाही, दोन्हीकडच्या वकिलांना त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागे. हे नरसिंहाला फार आवडायचं. बाकीच्या दिवसांत त्याच्या तोंडाकडे बघायला कुणाला काही कारण नव्हतं.

वरदराज अय्यंगार वकील आणि तो कावेरीपलीकडच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले. इंग्रजी व्याकरणात नरसिंह वरचढ. वरदराज त्याच्या वहीत डोकावायचा. पुढे नरसिंहाचे वडील वारले आणि तो मिळेल त्या जागेवर चिकटला. वरदराज मद्रासला जाऊन वकिलीची परीक्षा देऊन आला. आता कोर्टाच्या आवारात भेट झाली की वरदराज तोंडभरून म्हणे, "काय नरसिंहा, बरं आहे ना?" आणि उत्तर ऐकायला थांबत नसे. नरसिंहाने ते मनाला लावून घेतलं नव्हतं, निदान तसं त्याला वाटत होतं. गोदाच्या दाव्यात वरदराज उभा राहीपर्यंत.

गोदा ही त्यांच्याच आळीतली. बाप हरिकथा करणारा, आज तिरुप्पनंदाळला तर उद्या मदुरेला. आई तिला कळायच्या आधीच गेलेली. पोर आळीतल्या चार घरांत जेवून वाढली. पुष्कळदा नरसिंहाच्या घरी, त्याच्या शेजारच्या पानावर. अठराव्या वर्षी त्याने आईजवळ गोदाचं नाव काढलं, तेव्हा आई म्हणाली होती, "पोर चांगली रे, पण आई नाहीं तिला. वळण कोणी लावलें? सून म्हणून नको." आणि नाचियार्कोविलहून अंबुजा सून म्हणून आली. गोदाला समोरच्याच घरात दिली. नशिबाचा खेळ असा, की नरसिंहाने दार उघडलं की ती दिसे. तिचा नवरा पटकीत गेला त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. धाकटा दीर रघुपती याने तिची खोली काढून घेतली, तिला मागच्या पडवीत टाकलं आणि शेवटी म्हणाला, माहेरी जा. माहेर तिला कुठलं? ती कोर्टात गेली.

कोर्टात जाण्याआधी नरसिंहाने तिला विहिरीवर गाठून सांगितलं होतं, "गोदा, मी कोर्टातलाच माणूस. काय विचारायचें तें मजला विचार."

ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "नको, अण्णा. वकीलच बरा."

अण्णा. ती त्याला लहानपणापासून तेच म्हणायची. त्या दिवशी मात्र तो शब्द त्याला काट्यासारखा लागला.

मग वरदराज आळीत येऊ लागला. समोरच्या घराच्या ओट्यावर, तिण्णैवर, तो ऐसपैस बसायचा. गोदा दाराच्या आड अर्धी उभी राहून त्याच्याशी बोलायची. तमिळमध्ये बोलायची, कारण वरदराजला मराठीचं अक्षर येत नव्हतं. नरसिंह खिडकीशी दाढी करायला बसे आणि गालावरचा साबण वाळून जाई. गोदाचं तमिळ इतकं गोड आहे हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. त्याच्याशी ती कधी तमिळ बोललीच नव्हती. आपल्या वाट्याला तिची घरातली भाषा आली, भाजी-भाताची, आणि ही बाहेरची, सणाच्या वस्त्रासारखी भाषा या माणसाला, असं त्याच्या मनात येई. एकदा तिने वरदराजला ताकाचं पात्र दिलं. वरदराज ते वर धरून ताक प्यायला आणि पात्र खाली ठेवून काहीतरी म्हणाला. गोदाने पदर तोंडाशी नेला. नरसिंहाचा वस्तरा तिथेच हनुवटीला लागला.

"रक्त आलें," अंबुजा मागून म्हणाली आणि पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवून गेली. तीही खिडकीकडे बघून गेली होती.

दाव्यात रघुपतीचं म्हणणं सोपं होतं. विधवेची चाल वाईट असेल तर घरावरचा तिचा हक्क कायद्याने उडतो. गोदाची चाल वाईट आहे. साक्षीला त्याने धनलक्ष्मी आत्याबाईंना आणलं. त्या त्याच्या आईची नणंद, त्याच घरात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या. आत्याबाईंनी अपेक्षेप्रमाणे तमिळमध्ये बोलायला नकार दिला. नरसिंहाला बोलावणं आलं.

जज्ज सुंदरेश अय्यर हे वयस्क गृहस्थ. ऐन तारुण्यात काही वर्षं इंग्रजीचे मास्तर होते आणि ती खोड गेली नव्हती. वकिलाने शब्द चुकीचा वापरला तर निकालापेक्षा त्याचीच त्यांना जास्त टोचणी लागे.

रघुपतीच्या वकिलाने विचारलं, गोदा कशी आहे? नरसिंहाने प्रश्न मराठीत केला. आत्याबाई पिंजऱ्याच्या कठड्याला धरून म्हणाल्या, "गोदा वाईट नव्हे. कोणाच्या वस्तूस हात लावणार नाहीं, खोटें बोलणार नाहीं. पण उठवळ पोर ती. घरांत म्हणून टिकत नाहीं."

उठवळ. हा शब्द नरसिंह आयुष्यभर ऐकत आला होता. त्यांच्या आळीत तो जेवता जेवता पानावरून उठणाऱ्या पोरांना लावत, दावं तोडणाऱ्या वासरांना लावत. मोठ्या बाईला लावला तर त्याला आणखी एक धार होती, हेही खरं. पण आत्याबाईंच्या बोलण्यात ती धार नव्हती. त्या रागावलेल्या होत्या त्या गोदा पहाटे नदीवर, दुपारी देवळात, एकादशीला पट्टीश्वरमपर्यंत पायी जाते म्हणून; घरात कामाला हात मिळत नाही म्हणून. नरसिंहाला हे ऐकताक्षणीच कळलं. इंग्रजी शब्दही जिभेवर तयार होता. रेस्टलेस, एका जागी न बसणारी.

तेवढ्यात त्याची नजर बाकाकडे गेली. गोदा वरदराजच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात काही सांगत होती आणि वरदराजने मान तिच्याकडे कलती केली होती.

"ती वाईट नाही," नरसिंह इंग्रजीत म्हणाला, "पण वॉन्टन आहे. घरात टिकत नाही."

चालचलणूक सुटलेल्या, वासनेला आवर नसलेल्या बाईचा हा शब्द. वकिलांनी तो कज्जेदलालीत शंभरदा वापरलेला. रघुपतीचा वकील खूश होऊन बसला सुद्धा, पुढे विचारायची गरजच राहिली नाही. वरदराज ताडकन उभा राहिला, पण काय हरकत घ्यावी हे त्याला सुचेना. लोक वळून गोदाकडे बघू लागले. तिला काहीच कळलं नव्हतं. ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

जज्जांनी मात्र टाक थांबवला.

"वाईट नाही, आणि वॉन्टन?" ते म्हणाले. "ही दोन वाक्यं एका तोंडात बसत नाहीत. इंटरप्रीटर, या शब्दाचं मूळ तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही, युवर ऑनर."

"जुन्या इंग्रजीत 'वन' म्हणजे उणा, आणि 'टोवन' म्हणजे ओढून वळवलेला, वाढवलेला. ज्याला कुणी वाढवलं नाही, वळण लावलं नाही, असा तो. आधी हा शब्द पोरांना लावत. द्वाड, मोकाट पोर. मग बागडणाऱ्या कोकरांना, वाऱ्यावर उडणाऱ्या केसांना. बायकांवर आणि वासनेवर तो मागून येऊन बसला, आणि बसला तो उठला नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साक्षीदार जुन्या वळणाच्या बाई आहेत. तुम्ही कुठल्या अर्थाने घेतलात?"

दार असं सताड उघडून दिलेलं होतं. नरसिंहाला आईचं बोलणं आठवलं, वळण कोणी लावलें. शेजारच्या पानावर बसून घास तोंडात असतानाच उठून पळणारी सात-आठ वर्षांची गोदाही आठवली. नुसतं 'जुन्या अर्थाने' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण वरदराज त्याच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या उत्तरासाठी थांबलेला, चेहऱ्यावर विनवणी असलेला वरदराज. ती विनवणी गोदासाठी होती.

"आजच्या अर्थाने, युवर ऑनर," नरसिंह म्हणाला.

जज्जांनी लिहून घेतलं. वेळ संपत आली होती; आत्याबाईंची उलटतपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

आवारातल्या पिंपळाखाली गोदाने त्याला गाठलं. जवळपास माणसं होती, म्हणून ती चार हात लांबच उभी राहिली.

"वकीलसाहेबांनी सांगितलें, आत्याबाईंनी मजला घाण शब्द लावला म्हणून. मी तेथेंच होतें. आत्याबाई उठवळ म्हणल्या. तें तर त्या मजला रोज म्हणतात, चुलीशी सुद्धां. तुम्ही इंग्रजींत काय केलांत त्याचें?"

"जवळचा शब्द होता तो घेतला."

"कोणाच्या जवळचा?"

नरसिंहाने काखेतले कागद दुसऱ्या काखेत घेतले.

"वकिलांस मी कांहीं बोललें नाहीं," ती म्हणाली. "बोलून काय? त्यांना मराठी नाहीं, मजला इंग्रजी नाहीं. मध्यें तुम्ही एकटे. कोर्ट तुमचेंच मानणार." तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "मी आपली विचार करत होतें, अण्णाचें मी काय बिघडवलें."

ती गेली. तिच्या डोळ्यांत पाणी असतं तर नरसिंहाला सोपं गेलं असतं. डोळे कोरडे होते, आणि ती खरोखरच विचार करत होती.

घरी आला तेव्हा अंबुजा माजघरात अळूची पानं निवडत बसली होती. बातमी त्याच्याआधी पोचली होती. आळीत बातमीला पायांची गरज नसते. तिने मान वर न करता विचारलं, "आत्याबाई काय म्हणल्या?"

"उठवळ."

"आणि तुम्ही?"

त्याने सांगितलं. इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, जज्जांनी विचारलेला प्रश्न आणि आपलं उत्तर. बायकोला तो कोर्टातलं कधी सांगत नसे. आज का सांगतोय हे त्याला कळत नव्हतं. अंबुजा देठ मोडत ऐकत राहिली.

"आपल्या धाकटीस मी सकाळींच उठवळ म्हणलें," ती म्हणाली. "तिचें इंग्रजी करतां काय?"

त्याने पागोटं उतरवून खुंटीला लावलं.

"मी आंधळी नाहीं. या घरांत आलें तेव्हांपासून तुम्ही दार उघडतां आणि आधीं समोर बघतां. मी कधीं बोललें नाहीं. बोलून काय, दार तर उघडावेंच लागतें." तिने पानांची चळत बाजूला सारली. "पण आतां सांगतें. उद्यां जाऊन तो शब्द काढा."

"तू सांगतेस? तिच्यासाठीं?"

"तिच्यासाठीं कशाला?" अंबुजाचा आवाज पहिल्यांदा चढला. "ती मजला कधींच आवडली नाहीं. तिच्या अंगावर साधें पांढरें वस्त्र, आणि मी काठाचें नेसून बसलें तरी या घरांतली नजर तिकडे. मी माझ्यासाठीं सांगतें. तुमच्या शब्दानें ती घराबाहेर पडली, तर कोठें जाईल? अन्नछत्रांत जाईल, देवळाच्या दाराशीं बसेल. आणि तुम्ही जन्मभर तिला शोधत फिराल. समोरच्या घरांत आहे तोंवर ती समोरच्या घरांत आहे. एकदां रस्त्यावर आली कीं ती इथें येऊन बसेल." तिने त्याच्या छातीकडे बोट दाखवलं, हात लावला नाही. "मग मी कोठें बसूं?"

ती पानं उचलून आत गेली. नरसिंहाच्या पोटात जे महिनोन्महिने जळत होतं तेच या बाईच्या पोटात इतकी वर्षं, आवाज न करता, जळत होतं. हे त्याला आजच कळत होतं, आणि कळूनही त्याला तिच्याकडे जाऊन काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्ट बसायच्या आधी तो जज्जांच्या खोलीत गेला. वाटेत त्याने एक युक्ती जुळवली होती.

"साहेब, कालच्या साक्षीतला तो शब्द. आपण सांगितलात तो जुना अर्थच मला अभिप्रेत होता. माझी बोलण्यात गफलत झाली."

सुंदरेश अय्यरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "मी तुम्हाला तीच वाट दिली होती, आणि तुम्ही ती विचार करून नाकारलीत. मी तुमचं तोंड बघत होतो. शिवाय शब्दाचं मूळ हे मास्तराचं काम आहे. दुभाष्याने सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भाषांतर करायचं नसतं. आज या गावात तो शब्द उच्चारला की एकच अर्थ निघतो. तेव्हा मला सरळ सांगा. शब्द बरोबर होता की चूक?"

"चूक," नरसिंह म्हणाला.

"चुकून चूक?"

बाहेर बेलिफ पुकारा करत होता. नरसिंहाने पागोटं सारखं केलं. ते सारखंच होतं.

"नाही, साहेब. बरोबर शब्द मला ठाऊक होता."

जज्जांनी कारण विचारलं नाही. बहुधा त्यांना विचारायची गरज वाटली नाही. "हे आता भर कोर्टात सांगावं लागेल," एवढंच ते म्हणाले.

नरसिंहाने ते भर कोर्टात सांगितलं. उठवळ म्हणजे एका जागी न बसणारी, सारखी उठून बाहेर जाणारी. काल केलेलं भाषांतर चुकीचं होतं, आणि ती चूक साक्षीदाराची नव्हे, दुभाष्याची. रघुपतीचा वकील भडकला. दुसरा दुभाष्या नव्हता, म्हणून वरदराजने मग आत्याबाईंना नरसिंहामार्फतच विचारलं, गोदा उठून जाते ती कुठे जाते? आत्याबाईंनी जागा मोजून दाखवल्या, त्यात नदी होती, विठोबाचं भजन होतं, दोन आजारी बायका होत्या. "आणि माझें डोकें दुखतें तेव्हां मात्र घरांत नसते," त्या म्हणाल्या. नरसिंहाने शब्दाला शब्द लावला. जज्जांच्या ओठाच्या कडेला हसू आलं आणि गेलं.

निकाल गोदाच्या बाजूने लागला. पडवी सुटून तिची खोली तिला परत मिळाली. वरदराजचं नाव झालं. साक्षीदाराच्या तोंडचा घातकी शब्द त्याने कसा उलटवला, ही हकीकत बाररूममध्ये महिनाभर चालली, आणि दर वेळी सांगताना त्यात दुभाष्या थोडा थोडा मूर्ख होत गेला. नरसिंहाचं दुभाष्याचं काम काढून घेतलं गेलं. मराठी साक्षीदार आला की आता तंजावरहून माणूस यायचा. नरसिंह नकलखान्यात खाली मान घालून लिहीत बसे आणि भिंतीपलीकडून कुणा म्हातारीचा ओळखीचा हेल ऐकू आला की त्याचा टाक थांबे.

ज्याची त्याला इतकी धग लागली होती, त्यातलं काहीच पुढे घडलं नाही. दावा संपल्यावर वरदराज आळीकडे फिरकला नाही. त्याला नवे पक्षकार होते. गोदा रोज पहाटे नदीवर जाई, दुपारी देवळात. नरसिंहाशी ती बोलत नसे. रस्त्यात समोर आला तर बाजूला होऊन वाट देई, परक्या माणसाला देतात तशी. अण्णा हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा आला नाही. एके काळी त्याला तोच शब्द नको होता.

पंगुनीच्या महिन्यात, फाल्गुन सरता सरता, एका दुपारी तो लवकर घरी आला, तर आपल्याच घराच्या तिण्णैवर ओल्या पायांचे ठसे होते. गोदा मागच्या दाराशी बसली होती, अंबुजाजवळ. दोघींच्या मध्ये विड्याच्या पानांची जुडी सोडलेली होती. अंबुजा पानं पुसून रचत होती. गोदाला विडा वर्ज्य, ती नुसत्या शिरा काढून देत होती आणि काहीतरी सांगत होती. मराठीतच सांगत होती, पण इतक्या खालच्या आवाजात, की माजघरातून त्याला एक शब्द लागेना. अंबुजा मध्येच म्हणाली, "होय कीं," आणि गोदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याच्या बायकोने इतक्या वर्षांत कुणाच्या गुडघ्यावर असा हात ठेवलेला त्याने पाहिला नव्हता.

त्याची चाहूल लागताच गोदा उठली आणि मागल्या दाराने गेली.

"काय म्हणत होती?" त्याने विचारलं.

"कांहीं नाहीं. बायकांचें."

"पण काय?"

अंबुजाने एक पान उचललं, उजेडाकडे धरून बघितलं, आणि दुसऱ्या पानांवर ठेवलं. "तुम्हांस सांगून उपयोग नाहीं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही त्याचें भलतेंच कांहीं कराल."

ती पाणी आणायला आत गेली. नरसिंह मागच्या दारात उभा राहिला आणि परसाच्या कुंपणापलीकडे, नदीच्या वाटेवर, गोदा कुठपर्यंत गेली ते बघू लागला. मग त्याने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. दोघींपैकी कुणाचा हेवा करावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं.